लोखंडी दरवाज्यासाठी दहा किलोमीटर

नेविल अंकलने मला ट्रम्पेटने मारलं तेव्हा मी सातव्या किलोमीटरला होते आणि घड्याळात माझा आजवरचा बेस्ट टाइम चालू होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सगळे तेवढंच विचारतात, "मग, किती टाके पडले गं?" आणि बाकीचं राहून जातं. टाके सहा पडले. आता बाकीचं.

जोविटा मावशी ही माझ्या मम्मीची धाकटी बहीण. तिला आमच्याच गावठाणात, चार दारं सोडून, नेविल अंकलला दिलेली. आमचं गावठाण म्हणजे घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या मागे लपलेलं, एक चर्च, एक विहीर आणि एकमेकांना चिकटलेली घरं. शेजारची डाळ करपली तरी आम्हाला वास येतो. त्यामुळे नेविल अंकल मावशीला मारतो हे सगळ्यांना माहीत होतं. पट्ट्याने, डावाने, एकदा तर ख्रिसमसच्या गोठ्यातल्या मेंढपाळाच्या मूर्तीने. मेंढपाळाचं डोकं तुटलं, मावशीचं फुटलं. तिचा आवाज आला की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. आम्हीपण वाढवायचो. लिहायला लाज वाटते, पण वाढवायचो.

दिवाळीच्या सुट्टीत ती पळाली. मोहन्याला सरोजताई म्हणून आहेत, रिटायर्ड नर्स. घरातून निघालेल्या बायकांना त्या स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घेतात. बोर्ड नाही, पावती नाही, काही नाही. चौथ्या दिवशी नेविल अंकलने पत्ता काढला. सरोजताईंचं दार जुनं लाकडाचं. आतून मावशीने खाट लावलेली. तिसऱ्या लाथेला दार फळ्या फळ्या होऊन आत पडलं. त्याने मावशीला केसांना धरून गल्लीत ओढत नेलं आणि सार्वजनिक नळाच्या कठड्यावर तिचं तोंड आपटलं. एकदा नाही, जबडा दोन ठिकाणी मोडेपर्यंत. मध्ये पडल्या म्हणून सरोजताईंचा हात पिरगाळून मोडला. पोलिसांनी नेला त्याला, पण जामिनावर सुटला आणि भाईंदरला भावाकडे जाऊन राहिला.

मावशीचे दात डॉक्टरांनी तारेने बांधून टाकले, वरचे खालच्यांना. सहा आठवडे सगळं स्ट्रॉने. तिच्या गळ्यात क्रॉसच्या शेजारी एक छोटा कटर लटकायचा. उलटी झाली तर गुदमरू नये म्हणून तारा लगेच कापायच्या, त्यासाठी तो. ती आमच्याकडेच झोपायची, माझ्या बाजूला, आणि झोपेतसुद्धा कटर मुठीत.

"तार निघाल्यावर सरोजताईंकडे जाणार ना?" मी विचारलं.

"दार आहे का तिकडे?" ती दातांच्या फटीतून बोलायची, सापासारखं. "प्लायवूड ठोकलंय नुसतं."

"मग इथेच राहा."

"त्याच्या घरापासून चार दारं? आणि तुझ्या पप्पांचं बायपास झालेलं. नको." मग म्हणाली, "दार झालं तर सरोजकडे जाईन. नाही झालं तर घरी जाते. तिकडे निदान कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं ते माहितीये."

त्या वाक्यावर मला इतका राग आला की मी उठून बसले. लोखंडी दरवाजा, आतून दोन कड्या, बाहेर बघायला जाळी. ठरलं. मी मॅरेथॉन पळणार आणि दरवाज्यासाठी पैसे उभे करणार. आमच्याकडे दहा किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात, आणि सोळा पूर्ण असल्याशिवाय दहाला घेत नाहीत. माझी ऑगस्टमध्ये झालेली. शर्यत डिसेंबरातल्या रविवारी, आणि मावशीची तार निघणार होती सोमवारी.

आता हे पण सांगते की आठवीपर्यंत मी हजेरीला "प्रेझेंट" इतक्या हळू म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागलीये. नववीत पीटीच्या नंदा मॅडमनी मला पळायला लावलं आणि काय झालं देव जाणे, पाय सुटले तसं तोंडपण सुटलं. मी रविवारच्या मिसानंतर फादरकडून माइक मागून घेतला आणि सगळ्या गावासमोर बोलले. मावशीचं नाव घेऊन, नळाचा कठडासुद्धा सांगून. मम्मी खाली मान घालून बसलेली. मी नाही बसले.

गावाने देणगी कबूल केली, पण अट घातली. मागच्या वर्षी काही पोरांनी चर्चच्या छपरासाठी पळतो म्हणून वर्गणी काढली आणि चौथ्या किलोमीटरला वडापाव खाऊन रिक्षाने परत आली. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, मेडल दाखवा आणि पैसे घ्या. शर्यत अर्धी सोडली तर काही नाही.

"काय अंकल, मी काय वडापाव खाणारी वाटते?"

"तुझं वय खायचंच आहे," गॅब्रिएल अंकल म्हणाले. त्यांचा बँड आहे. लग्न, मयत, सण, आमच्या गावात बँडशिवाय काही होत नाही. मोठा ड्रम ते स्वतः वाजवतात. "मी पैसे नाही देत, बँड देतो. फुकट. किती माणसं पाठवू?"

आणि इथे मी माती खाल्ली. मी हवेत होते ना! म्हटलं, "पूर्ण बँड पाहिजे, अंकल! पूर्ण!"

आमच्याकडे पूर्ण बँड म्हणजे चौदा माणसं. नावं कोणी विचारत नाही, पूर्ण म्हटलं की गॅब्रिएल अंकल चौदा जणांना फोन लावतात. चौदावा नेविल अंकल, ट्रम्पेटवाला. तो भाईंदरला गेला म्हणजे माझ्या डोक्यातून गेला, पण बँडमधून गेलेला नव्हता. वर मी केलं काय, तर गावातल्या बायकांचं पाण्याचं टेबलही तिथेच लावलं, आमची गल्ली जिथे सर्व्हिस रोडला मिळते तिथे. बँड आणि टेबल शेजारी शेजारी. टेबलावर मम्मी आणि जोविटा मावशी.

रविवारी सकाळी घोडबंदर रोडवर एकही गाडी नाही! तुम्ही तो रोड रोज बघितला असेल तर कळेल मी काय म्हणते ते. एवढा रुंद आहे हे मला पहिल्यांदा कळलं. मी पळत नव्हते, उडत होते. पाठीवर मार्करने लिहिलेलं, "जोविटाचा दरवाजा". माजिवड्याच्या पुलाखालून वळले तेव्हा एका काकांनी ओरडून विचारलं, "कसला दरवाजा गं?" मी म्हटलं, "लोखंडी!"

मग बँड ऐकू आला. आधी मस्त वाटलं. मग ट्रम्पेट ऐकू आला. नेविल अंकलची एक खोड आहे, शेवटचा सूर तो ओढून वर नेतो, चढवतच राहतो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

दोनशे मीटरवर बँडचे लाल कोट दिसले. टेबल दिसलं. मावशी पाठमोरी उभी होती, हातात पाण्याचा जग तिरका, ग्लास केव्हाच भरलेला, पाणी टेबलावरून तिच्या पायांवर वाहतंय, आणि ती हलत नाहीये. तिनेपण ऐकलेलं.

त्याने ट्रम्पेट खाली घेतला आणि रांगेतून बाहेर पडला. शांत चालत. मी तेवढ्या जोरात कधीच पळाले नव्हते. पण तो जवळ होता आणि मी लांब. त्याने मावशीची वेणी हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली.

"उद्या तार निघते ना? चल, आजच चल घरी. काय गावभर नाटक लावलंय."

मम्मीने त्याची कॉलर धरली. त्याने न बघताच कोपर मारलं, मम्मीच्या तोंडातून रक्त आलं आणि ती खाली बसली. तेवढ्यात मी पोचले. थांबले नाहीच. डोकं खाली घालून तशीच त्याच्या बरगड्यांत घुसले.

टेबल, ग्लास, तो, मी, सगळं एकदम खाली. मी वर होते. मी त्याच्या तोंडावर बुक्क्या घातल्या, एक, दोन, पाच, नाक मऊ झालेलं हाताला कळलं. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. टीव्हीचा आवाज वाढवलेल्या सगळ्या रात्री माझ्या मुठीत होत्या.

मग त्याने मला उडवलं. ट्रम्पेटचं तोंड माझ्या भुवईवर आलं आणि एक डोळा लाल झाला. परत मारलं, कानाजवळ. मग लाथ, बरगडीत. आणि बँड चालूच! गॅब्रिएल अंकलना मोठ्या ड्रमच्या मागून काही दिसत नाही, आणि त्यांचा ड्रम थांबेपर्यंत कोणी थांबायचं नाही ही शिस्त. त्यामुळे मला लाथ बसली की धम्म, लाथ बसली की धम्म. बाजूने लोक पळत होते. एकाने मोबाइल वर धरला. एकजण माझ्यावरून उडी मारून गेला आणि पुढे जाऊन घड्याळ बघितलं त्याने.

नेविल अंकल गुडघ्यावर आला. दोन्ही हात माझ्या गळ्यावर. "लई तोंड सुटलंय तुझं. तुझंपण बांधून टाकतो, थांब."

मला श्वास येईना. आभाळ बारीक व्हायला लागलं. त्या बारीक आभाळात मावशीचं तोंड आलं, ओठ उघडे, दात बंद. तिने गळ्यातला कटर दोरीसकट तोडला. त्याच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधली कातडी कटरच्या पात्यांत धरली आणि दोन्ही हातांनी दाबलं.

त्याचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. तोही शेवटी वरच गेला.

गळा सुटला. मी खोकत बाजूला लोळले. तो हात पोटाशी धरून वाकडा झालेला, रक्त लाल कोटावर दिसतही नव्हतं. मावशी त्याच्यापुढे उकिडवी बसली, कटर अजून उघडा. दातांच्या फटीतून हळूच म्हणाली, "तारेपेक्षा मऊ आहेस रे तू."

तेव्हा कुठे ड्रम थांबला. गॅब्रिएल अंकलनी बघितलं, ड्रमचा पट्टा काढला आणि चार जणांनी मिळून त्याच पट्ट्याने नेविल अंकलला बांधला. रस्त्याच्या बंदोबस्तावरचे दोन पोलीस धावत आले तेव्हा क्लॅरिनेटवाला त्याच्या पाठीवर बसलेला होता.

"अंकल, तुम्ही याला बोलावलंत कसं?" मम्मी ओरडली.

"कोण कोणाला मारतं ते मी बघत नाही, सेसिलिया. मी सूर बघतो," ते म्हणाले.

"तुम्ही कशाला, मीच बोलावलंय," मी म्हटलं. "पूर्ण म्हटलेलं मी."

शर्यतीची अँब्युलन्स आली. डॉक्टरबाईंनी भुवई दाबून धरली. "गाडीत बस. संपली तुझी शर्यत."

"गाडीत बसले तर मेडल मिळतं?"

"वेडी आहेस का? बरगडी तुटलेली असेल."

मी मावशीकडे बघितलं. उद्या सोमवार. मेडल नाही तर दरवाजा नाही, दरवाजा नाही तर कोपरा. तिने डोक्याचा रुमाल सोडला, माझ्या भुवईवरून गच्च बांधला, गाठ मारताना माझे केस ओढले गेले.

"पळ," म्हणाली.

ते तीन किलोमीटर मी पळाले म्हणणं म्हणजे थापा. मी लंगडले, चालले, एकदा दुभाजकाला धरून ओकले. श्वास घेतला की आत कोणीतरी स्क्रू पिळत होतं. बेस्ट टाइम गेला उडत. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं ही पडली बिचारी. शेवटची रेघ ओलांडली तर माइकवाले सर चेकाळले, "बघा! पडून, रक्तबंबाळ होऊनसुद्धा या मुलीने शर्यत पूर्ण केली! काय स्पिरिट आहे!"

मी त्यांच्या हातातून माइक घेतला. सवय झालेली आता. "सर, मी पडले नाही. मला मारलंय," मी म्हटलं. "आणि मीपण मारलंय."

मेडल गळ्यात, सहा टाके, छातीला पट्टा, अशी मी त्याच संध्याकाळी गावठाणातल्या प्रत्येक दारात गेले. कोणी "पण जरा जास्तच झालं हो" म्हणालं, पण दिले. चर्चमागच्या एका आंटीने पाकीट माझ्या हातात कोंबताना आत वळून बघितलं, नवरा टीव्ही बघत होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या मोहन्याच्या बाईंचा नंबर दे ना. माझ्यासाठी नाही. असाच."

मी दिला. असाच.

नेविल अंकल परत आत आहे. किती दिवस, माहीत नाही. मावशीचीपण पोलिसांत जबानी झाली, कटरही जमा करून घेतला. ती घाबरलेली नाही. दरवाजा नाताळाच्या आधी बसला, करडा रंग, बाहेर बघायला जाळी, आतून दोन कड्या. मी काल मोहन्याला गेलेले, केक घेऊन. दरवाज्यावर थाप मारली तर हातच दुखला, इतका जाड आहे तो!

आतून मावशीचा आवाज आला, पूर्ण तोंड उघडून. "कोण?"

"मी, व्हेनेसा."

"एकटी आहेस?"

"एकटी!"

ती जाळीतून बघत होती, माझ्या मागे, गल्लीच्या टोकापर्यंत. मी घाई केली नाही. हवा तेवढा वेळ घेऊ दे तिला. मग वरची कडी निघाली. मग खालची.