अनसूयाबाईंचं पान

विनता भालेराव यांना कोणाचाही हेवा वाटत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि न विचारता सांगत. "आपल्याला कोणाचं काही नाही, बरं का," हे त्यांचं वाक्य जबलपूरच्या चर्चच्या मराठी मंडळीत सगळ्यांना पाठ होतं. उपासनेनंतरच्या चहाला त्या ते म्हणू लागल्या की बाकीच्या बायका बिस्किटांकडे बघत.

वय बासष्ट. शाळेत ग्रंथपाल म्हणून तेहेतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही, आणि केलं नाही याचंही कोणाला स्पष्टीकरण दिलं नाही. जबलपूरच्याच महाराजपूर भागात दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात निवृत्तीनंतर त्यांना सापडलेलं दुसरं आयुष्य, म्हणजे ख्रिस्तकोश.

ख्रिस्तकोश हा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. संत, चर्च, मिशनचे दवाखाने, जुनी गीतं, बायबल शिकवणाऱ्या बाया आणि चर्चचे पाळक, सगळ्यांवर नोंदी. लिहिणाऱ्यांना कोणी पगार देत नाही. कोणीही लिहावं आणि कोणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं. नियम दोनच. जे लिहाल त्याला लेखी पुरावा द्या, आणि जे बदलाल त्याचं कारण खालच्या चौकटीत नोंदवा. कोणी, कधी, काय आणि कशासाठी बदललं हे पानाच्या इतिहासात कायमचं राहतं. ते पुसायची सोय कोणालाच नाही, पान काढून टाकायचा अधिकार असलेल्या तीन संपादकांनाही नाही. त्या तिघांतल्या एक विनताबाई. तीनशे चाळीस नोंदी त्यांच्या नावावर होत्या, आणि त्यांनी लिहिलेली कारणं इतकी नेमकी असत की पुण्याचा आलोक केदारी, हाही संपादकच, नव्या लोकांना ती नमुना म्हणून दाखवी.

मग मेघना साळवे आली. नवरा फौजेत, बदली होऊन नाशिकहून जबलपूरला आलेली, तिशीची, कामाला कंटाळा नसलेली पोरगी. पहिल्याच रविवारी तिनं मंडळीच्या रीतीनं "सलाम मावशी" म्हणून हात जोडले आणि विनताबाईंना ती आवडली. त्यांनीच तिला ख्रिस्तकोशात खातं उघडून दिलं, बाजूला बसवून पुरावा कसा जोडायचा ते दाखवलं, वर पोहे खाऊ घातले. आपण कोणाला तरी तयार करतो आहोत याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

हे बरं वाटणं दोन महिने टिकलं.

कोशाच्या मुखपृष्ठावर दर रविवारी एक नोंद झळकते. लिहिणारे सगळे मिळून मत देतात. सहा वर्षांत विनताबाईंची नोंद तिथे दोनदा आली होती. मेघनाची चार महिन्यांत तीनदा आली. तिसऱ्या वेळी आलोकनं लिहिलं, "मेघनाताईंचं वाचताना माणूस समोर उभं राहतं." विनताबाईंनी ते चार वेळा वाचलं. आपल्या तीनशे चाळीस नोंदींत कोण उभं राहिलं होतं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि लगेच मागे घेतला. मग त्यांनी मेघनाच्या नोंदीतले सात स्वल्पविराम दुरुस्त केले. चौकटीत कारण लिहिलं, "विरामचिन्हे."

नोव्हेंबरच्या एका सोमवारी सकाळी चहा घेऊन त्या संगणकापुढे बसल्या, तर नव्या पानांच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं, "अनसूयाबाई, कुंडम". लिहिणारी मेघना साळवे.

विनताबाईंनी कप बाजूला ठेवून पान उघडलं.

अनसूया म्हणजे त्यांच्या वडिलांची आत्या. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुंडमच्या जंगलातल्या गावांत पायी फिरून बायकांना बायबल वाचून दाखवायचं काम तिला मिशननं दिलं होतं. तिची फेरीची वही विनताबाईंच्या लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली होती. कोणत्या दिवशी कोणतं गाव, किती घरं, काय वाचलं, सगळं तिच्या हातचं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी त्या वहीचे फोटो काढून संगणकात ठेवले होते. आत्याआजीचं पान त्या लिहिणारच होत्या, सवडीनं, सुंदर लिहिणार होत्या. म्हणूनच त्याबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. पहिलं वाक्य मनासारखं होत नव्हतं एवढंच.

आणि ही कालची पोरगी कुंडमला गेली होती. बसनं, एकटी. तिथे चिंतामणी मास्तर नावाचे नव्वदीतले गृहस्थ तिला भेटले. लहानपणी पाहिलेली 'बायबलवाली बाई' त्यांनी तिला सांगितली. आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे मेघनालाही ठाऊक नव्हतं. तिनं लिहिलं होतं: "अनसूयाबाई घरात शिरल्या की आधी जात्यावर बसत. घरच्या बाईचं दळण पुरं करून देत, म्हणजे तिला ऐकायला वेळ मिळे. मग पुस्तक उघडत."

विनताबाई उठल्या, कपाट उघडलं, वही काढली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी तेच होतं. दळण एक पायली. दळण दीड पायली. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हा आत्याआजीचा स्वतःचा शिधा. बाई एकटी, आणि रोज एवढं दळण कशाला, हे कोडं त्यांनी कधी धड सोडवायचा प्रयत्नही केला नव्हता. आपल्या रक्ताची माणसं आपल्याला परक्या पोरीकडून कळावी, याचा त्यांना असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बासष्ट वर्षं जबलपुरात काढून त्या एकदाही कुंडमला गेल्या नव्हत्या. तास-दीड तासाचा रस्ता.

त्यांनी पानावर नोटीस लावली. चौकटीत कारण लिहिलं: "लेखी पुरावा नाही. ऐकीव माहिती. सात दिवसांत पुरावा न आल्यास पान काढण्यात येईल." नियमाला धरून होतं. बोट ठेवायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मेघना घरी आली. सोबत डब्यात तिळाच्या वड्या.

"काहून गं, दारातच काहून उभी राहिली? ये ना बेटा," विनताबाई म्हणाल्या. जीभ सवयीनं गोड चालली होती.

"मावशी, तुम्ही लावलेली नोटीस बरोबरच आहे," मेघना बसता बसता म्हणाली. "मीच घाई केली. पण मास्तरांनंतर त्या बाईंना ओळखणारं कोणी उरणार नाही हो. मिशनच्या जुन्या कागदांत काही असेल का? तुम्हाला इथलं सगळं माहीत आहे, म्हणून विचारते."

ती बसली होती त्या खुर्चीपासून कपाट चार हातांवर होतं.

"अच्छा," विनताबाई म्हणाल्या. "मी पण तेच शोधून राहिली. पण नाही गं. त्या वेळचं काहीच राहिलं नाही. वाळवी लागली सगळ्याला."

"काहीच नाही?"

"नाही ना बेटा. होतं तर दिलं नसतं का मी?"

मेघनानं मान हलवली. निघताना म्हणाली, "बरं झालं तुम्हालाच विचारलं. दुसऱ्या कोणी नाही म्हटलं असतं तर मी अजून शोधत बसले असते." विनताबाईंनी दार लावलं आणि वडी तोंडात टाकली. वडी चांगली झाली होती, त्याचाही त्यांना राग आला.

सोमवारी सकाळी मुदत संपली. विनताबाईंनी पान काढण्याचं बटण दाबलं. कारण: "मुदतीत पुरावा आला नाही." मग त्यांनी भाजी निवडली, कपडे वाळत घातले, शेजारच्या सुमित्राकाकूंशी गप्पा मारल्या. जिंकल्यासारखं काहीतरी वाटेल म्हणून त्या दुपारपर्यंत वाट बघत राहिल्या. दुपारी संगणक उघडून त्यांनी शोधाच्या रकान्यात 'अनसूयाबाई' टाइप केलं.

"या नावाचे पान ख्रिस्तकोशात नाही," असं उत्तर आलं.

दुसऱ्यांची जात्यावरची मेहनत करत ती बाई गावोगाव फिरली, आणि तिचं नाव पुसायला तिचीच नात पुरी पडली. मेघनाचं काहीच गेलं नव्हतं, तिच्या नावावर बाकीची पानं होती. गेली ती आत्याआजी. विनताबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की घरात कोणी नसूनही त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढचं सगळं त्यांनी घाईघाईनं केलं. पान परत आणलं. संगणकात ठेवलेले वहीचे अकरा फोटो पुरावा म्हणून जोडले. ज्या पानांवर दळणाचा हिशेब होता त्यांच्याखाली ओळी लिहिल्या, आडनाव घातलं, जन्मगाव घातलं. चौकटीत लिहिलं: "हस्तलिखित पुरावा मिळाला." मिळाला. कुठे, कसा, ते नाही लिहिलं. वाळवीतून वाचलेली वही आत्ताच हाती लागली असं मेघनाला सांगायचं, एवढं त्यांनी मनात पक्कं केलं.

पण तीनशे चाळीस नोंदी लिहिलेली बाई एक गोष्ट विसरली. नव्या माणसालाही ती स्वतः पहिल्याच दिवशी शिकवायची. कोशात फोटो टाकला की तो कॅमेऱ्यानं कधी काढला ती तारीख फोटोखाली आपोआप उमटते.

मंगळवारी सकाळी पानाच्या चर्चेत आलोकचा प्रश्न होता. "विनताताई, अप्रतिम पुरावा. पण सगळ्या फोटोंखाली तारीख १४ मार्च २०१९ दिसते. वही आधीपासून तुमच्याकडे होती का? मग नोटीस कशी लावली?"

विनताबाईंनी तो पुन्हा वाचला. सगळे वाचणार. पुण्याचे, नाशिकचे, इथल्या मंडळीतले, चहाला बिस्किटांकडे बघणारे. त्यांनी पान खाली सरकवलं. तिथे उत्तर आधीच दिलेलं होतं.

"आलोकदादा, जुन्या कॅमेऱ्यात तारीख चुकीची लागलेली असते, माझ्याकडेही असंच झालं होतं. मावशींनी वही मिळताच लगेच फोटो टाकले, मला माहीत आहे. — मेघना साळवे"

तिला माहीत होतं. तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन ती कपाटापासून चार हातांवर बसली होती, आणि आता तिला सगळं माहीत होतं, तरी तिनं हे लिहिलं होतं.

आणि तेव्हाही विनताबाईंना पहिल्यांदा वाटला तो हेवाच. लिहिणं हिचं चांगलं. कुंडमला गेली ही. आणि आता मनही हिचंच मोठं. मला कशात म्हणून जागा ठेवली नाही या पोरीनं!

त्यांनी चहा केला, तो पिऊन झाला. आलोकनं मेघनाच्या उत्तराखाली "ठीक, समजलं" असं लिहिलं होतं. प्रकरण मिटलं होतं. आता गप्प बसलं की झालं. कोणी पुन्हा विचारणार नव्हतं, आणि मेघना तर मरेपर्यंत बोलणार नव्हती.

विनताबाईंनी वही उघडून समोर ठेवली. दळण दीड पायली. मग त्यांनी चर्चेत खाली जाऊन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य या वेळी अडलं नाही.

"कॅमेऱ्याची तारीख बरोबर आहे. ही वही सहा वर्षं माझ्या कपाटात आहे. अनसूया भालेराव माझ्या वडिलांची आत्या. मेघनानं घरी येऊन विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. पान काढलं त्याचं कारण मी 'पुरावा आला नाही' असं दिलं होतं. खरं कारण हेवा. मेघना माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. — विनता भालेराव"

खाली चौकट होतीच, बदलाचं कारण मागत. त्यांनी तिच्यात "दुरुस्ती" एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.