‘विधवा’ शब्दाची दहावी चिठ्ठी

कोशाच्या कचेरीत बाईंना एकतीस वर्षं झाली होती आणि आज त्या इतक्या थकल्या होत्या, की जिन्याच्या मधल्या वळणावर पिशवी खाली ठेवून उभ्याच राहिल्या. दोष गुडघ्यांना द्यायची सोय होती, म्हणून त्यांनी तो गुडघ्यांना दिला.

काम म्हणाल तर सोपं आणि जीव काढणारं. कुठला शब्द कुठून आला, त्याची भावंडं कोणकोणत्या भाषांत नांदतात, हे कोशाचे संपादक, म्हणजे सर, शोधायचे. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर उतरवायचं आणि चिठ्ठी खणात लावायची. आपला ‘भ्राता’, इंग्रजांचा ‘ब्रदर’, फारसीतला ‘बिरादर’, सगळे एका आईचे. बाईंना शब्दांची खानदानं सासरच्या माणसांपेक्षा जास्त पाठ होती, आणि खरं सांगायचं तर शब्दांनी त्यांना छळलंही कमीच होतं.

एक शब्द सोडून. दहा वर्षांपूर्वी पाचव्या खंडात सरांनी छापलं होतं: ‘धव’ म्हणजे नवरा, तो जिला नाही, ती ‘विधवा’. सव्विसाव्या वर्षी नवरा गेलेल्या बाईंनीच ते वाक्य मुकाट्यानं उतरवलं. पण हात चालतो तेव्हा डोकं काही झोपलेलं नसतं. लॅटिन ‘विदुआ’, रशियन ‘व्दोवा’, जर्मन ‘विट्वे’, फारसी ‘बेवा’. शब्दाच्या बहिणी जिकडेतिकडे होत्या. ‘धव’ नावाचा नवरा मात्र एकीच्याही घरी सापडेना. आपल्याकडच्या जुन्यात जुन्या ग्रंथांत विधवा होती, धव नव्हता. म्हणजे आधी शब्द तिचा. पुढे कुणा शहाण्यानं त्यातला ‘वि’ कापला आणि उरलेल्याला नवरा म्हणून उभं केलं. मुळात त्या शब्दात असावं ते एवढंच, की वेगळी पडलेली, एकटी राहिलेली.

हे लक्षात आलं त्या दिवशी बाई घरी जाताना बसमध्ये रडल्या. पंचवीस वर्षं लोक त्यांना काहीतरी नसलेली बाई म्हणत आले होते, आणि शब्द बिचारा तसं म्हणतच नव्हता.

त्यांनी चिठ्ठी लिहून सरांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकली. नाव घातलं नाही. नक्कल करणारीनं संपादकांची चूक काढायची, म्हणजे लहान तोंडी मोठा घास. सरांचा नियम कडक होता, निनावी चिठ्ठी केराच्या टोपलीत. कचेरीतल्या झाडून सगळ्या चिठ्ठ्या, बाहेरून आलेल्या सूचनासुद्धा, बाईंच्याच हातच्या, तेव्हा अक्षरावरून चोर पकडायचीही सोय नव्हती. दरवर्षी एक, अशा नऊ चिठ्ठ्या टोपलीत गेल्या.

आज शेवटच्या खंडाचं शेवटचं पान, शुद्धिपत्र, छापखान्यात जायचं होतं. पाच वाजता माणूस यायचा होता. मग कोश संपला, कचेरी संपली आणि चूक जन्माची कायम. बाईंनी दहावी चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली नाही. सरांच्या हातात दिली.

ऐंशीच्या सरांनी भिंग लावून ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

“परत हीच! नाव घालायला काय धाड भरते हो या माणसाला?”

“नावाचं सोडा, सर. म्हणणं बरोबर आहे का, ते सांगा.”

“बरोबर आहे. चौथ्या वेळेलाच पटलं होतं मला.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “मग टोपलीत का टाकत होतात?”

“नियम होता ना,” सर म्हणाले. मग खालच्या आवाजात, “आणि चूक माझी होती. दुसऱ्याची असती, तर चिठ्ठीवाल्याला हुडकून काढलं असतं मी.”

“चिठ्ठी माझी आहे.”

“अक्षर तुमचंच असतं हो. दिली कुणी?”

“कुणी नाही. विचारही माझाच आहे, सर. दहाही वेळा.”

सरांनी भिंग खाली ठेवलं.  मग शुद्धिपत्र पुढ्यात ओढलं. प्रत्येक चुकीपुढे ती दाखवणाऱ्याचं नाव कंसात द्यायची पद्धत होती. बारा चुका, बारा प्राध्यापक. सरांनी तेरावी ओळ लिहिली, कंस उघडला आणि पेन थांबलं.

“बाई,” ते ओशाळून म्हणाले, “तुमचं नाव काय हो?”

एकतीस वर्षं! पण बाईंना राग आला नाही, एवढी ताकदच उरली नव्हती. हजेरीपुस्तकात त्यांची नुसती आद्याक्षरं होती. घरी त्या मोठी काकू, इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजी. नाव आठवायला त्यांना क्षणभर लागलं, याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ते सांगितलं.

सरांचा चेहरा उजळला. “वा! याचा उगम फार मजेदार आहे बरं का. हे मुळात—”

“सर,” बाई म्हणाल्या, “उगम राहू द्या. नुसतं नाव लिहा. पूर्ण लिहा.”

सरांनी लिहिलं आणि कंस बंद केला. बाईंनी सवयीप्रमाणे कागद हातात घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवत ओळ तपासली, आणि मग पुन्हा एकदा तपासली.