ठोकळ्यावरचं अक्षर

"तडा गेलाय म्हणून सांगून टाका की! तुमच्या एका शब्दानं काही आभाळ कोसळत नाही," मी म्हटलं.

हे बुटाची नाडी बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "आधी मोजमापं तर बघू दे."

मोजमापं! लग्न झाल्यापासून हा माणूस त्यापलीकडे काही बोलला असेल तर शपथ.

ह्यांचं काम म्हणजे मार खाणारा ठोकळा बनवणं. जमिनीखालच्या बोगद्यात सूक्ष्म कणांचा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतो. तो थांबवायचा झाला किंवा बिघडला, की सगळा जोर ह्यांच्या ठोकळ्यावर. माणसापेक्षा लांब ग्रॅफाइट, वरून पोलादी कवच. झोत एकाच जागी बसला तर भोक पडेल, म्हणून पोरांनी पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तसा तो फिरवत आणायचा. नातेवाइकांत मी सांगायचे, "आमच्याकडे मार खाण्याचंच शिक्षण घेतलंय." सगळे हसायचे, हेसुद्धा.

कवच बंद करण्याआधी ठोकळ्याच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहायचं, ही त्यांच्या वर्कशॉपची रीत. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच, त्यानं काही बिघडत नाही. एक ठोकळा असा बंद करायच्या दिवशी आमची लेक टिकली ह्यांच्याबरोबर गेली होती. नुकती कुठं अक्षरं जोडायला लागली होती पोर.

"बाबा, ह्याला लागत नाही?"

"लागतं की. पण बोलत नाही तो."

मग जीभ बाहेर काढून, जोर लावून तिनं लिहिलं, 'लागलं तर सांग.'

पुढच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि टिकली गेली. हे रडले नाहीत. रजा संपायच्या आत कामावर हजर. कितीतरी दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

आता तो ठोकळा बदलायचा होता. इतक्या वर्षांच्या माऱ्यानं तो किरणोत्सारी झालेला, काँक्रीटमध्ये कायमचा बंद होणार. तडा गेल्याचा संशय असला तरच यंत्राच्या हातांनी कवच कापतात आणि कॅमेऱ्यातून आत बघतात. संशय आहे की नाही, ते ह्यांनीच सांगायचं होतं. लेकीचं अक्षर एकदा बघायला मिळावं म्हणून एवढं एकच खोटं मी मागत होते.

संध्याकाळी दार उघडलं आणि ह्यांचं तोंड बघूनच मी समजले.

"नाही ना सांगितलंत?"

"तडा नाहीये गं. कुठंच नाही."

"जळलं मेलं ते तुमचं खरं! तिचं अक्षर होतं हो आत!"

"कापाकापी झाली की ती खोली साफ करायला माणसंच जातात. ते किरण त्यांच्या अंगावर घ्यायचे? त्यांच्याही घरी पोरं आहेत." मग म्हणाले, "ठोकळा थोडा कच्चा बनवला असता, तर दिसलं असतं आपल्याला."

माझा राग काही उतरला नव्हता. आत निघाले होते, पण मागं वळून पाहिलं. हे दारातच वाकून नाडीशी झटत होते. गाठ घट्ट बसली होती, काही केल्या सुटत नव्हती. मी खाली बसले, त्यांचा हात बाजूला केला.

"लागलं तर सांगा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. सगळा भार त्या हातावर आला.

"लागलं गं," हे म्हणाले. "तेव्हाच लागलं."

मी दुसऱ्या बुटाची गाठ सोडायला घेतली.