मापाऱ्याच्या घरचा काटा

"उतर. आता पुन्हा चढ, पण दमानं," तानबा म्हणाला.

रुख्माबाई भिंतीला धरून काट्यावरून उतरली, थोडा दम खाल्ला आणि पुन्हा चढली. मघाशी एकोणऐंशी दाखवणारी सुई आता शहात्तरवर जाऊन बसली. एवढ्या वेळात बायकोचे तीन रत्तल, म्हणजे जवळजवळ दीड शेर, कुठे गेले, हे तानबाला कळेना.

पुलगावच्या कापूस बाजारात तो तीस वर्षांपासून मापारी होता. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांना पाण्यात पाहायचे, पण तानबाचा तोल दोघेही मुकाट्याने मानायचे. अशा माणसाचं नाक कापायला हा साहेबी न्हाणीघरातला वीतभर काटा निघाला होता. लष्कराच्या डेपोतल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा रुख्माबाईला क्षय झाल्याचं ऐकून त्यांच्या बाईंनी जाताना तो देऊन टाकला होता. दवाखान्यापर्यंत चालण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी अनशापोटी घरीच वजन करा, वहीत लिहा आणि शनिवारी वही दाखवा. वजन वाढलं तर इंजेक्शनं लागू पडत आहेत. पंच्याहत्तरच्या खाली गेलं, तर मात्र नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल.

नागपूरचं नाव काढलं की रुख्माबाई भिंतीकडे तोंड करून निजायची. शेजारची भागाबाई तिकडे गेली होती, ती परत आली नव्हती.

तानबाने काटा उचलून उलटा केला, सुलटा केला, फुंकर मारली. बाजूचं चाक फिरवून सुई शून्यावर आणली. मग त्याने जमिनीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. शेणाने सारवलेली भुसभुशीत जमीन, तिच्यावर काटा बसेल कसा? त्याने धुण्याची फरशी ओढत आत आणली, खाली वाळू घालून सपाट बसवली आणि बाजारातून वीस शेराचं लोखंडी वजन खांद्यावर घेऊन आला.

वजन काट्यावर ठेवून तो ओरडला, "लाभ!" उचलून पुन्हा ठेवलं. "दोन!" पुन्हा ठेवलं. "तीन!" तिन्ही वेळा एक्केचाळीस रत्तल, वीस शेराला बरोबर.

"घरातबी लाभच काय जी?" रुख्माबाईला हसू आलं आणि पाठोपाठ खोकला आला.

"मापाऱ्याच्या तोंडून एक नाई निंगत," तानबा म्हणाला. एक म्हटलं की बरकत जाते. म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ही त्याच्या बापाची शिकवण. "काटा खरा हाय, रुख्मा. आता पाह्यजो, रोजचं वजन कसं सरळ येते ते."

पण सरळ आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऐंशी भरलं, तिसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर, चौथ्या दिवशी एकोणऐंशी. लोखंड ठेवलं की एक्केचाळीस, बायको उभी राहिली की सुईला वारं लागायचं. तानबाने तिच्या पायातले वाळे काढून पाहिले, लुगडं तेच नेसायला लावलं. ऐंशी भरलं त्या दिवशी तो बाजारात सगळ्यांशी हसून बोलला, चौऱ्याहत्तरच्या दिवशी त्याला भाकर गिळवली नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा तोल जातोसा वाटला, म्हणून त्याने कमरेत हात घालून तिला फरशीवर चढवलं. त्याच्या मनगटाशी तिचं पोट टेकलं आणि आत पाणी डुचमळलं.

तानबाचा हात तिथेच थांबला. कापसाला पाणी मारून वजन वाढवणारे त्याने रोज पाहिले होते. वरून कोरडी दिसणारी गाडी असली तरी कोपरापर्यंत हात घातला की आतली ओल त्याला कळायची. भल्याभल्यांची लबाडी त्याने चारचौघांत बाहेर काढली होती.

"किती लोटे?" त्याने विचारलं.

रुख्माबाईने मान खाली घातली. "तीन. जमलं त्या दिशी चार. ओकली त्या दिशी कमी भरे."

"काऊन पण?"

"तुमी आकडा पाहून हासत होते," ती म्हणाली. "अन् मले नाई जाचं नागपूरले. इथंच राहू द्या मले."

त्याला राग यायला हवा होता, तो आला नाही. फार वाईट वाटलं. तिला न्यावं तर ती धसक्यानेच जाईल, ठेवावं तर डोळ्यांदेखत झिजेल. तीस वर्षांचा अनुभव, पण या दोन पारड्यांत काय टाकावं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"उद्या पाणी नोको पेऊ," एवढंच तो म्हणाला.

शनिवारी सकाळी रुख्माबाईने घागरीला हात लावला नाही. कोरड्या ओठांनी ती फरशीवर आली आणि काट्यावर चढून तिने भिंतसुद्धा सोडली. सुई थरथरली आणि एकाहत्तरवर थांबली. तानबाने वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, काटा खोटा निघावा.

"किती भरलं जी?" तिने विचारलं. तिला आकडे वाचता येत नव्हते.

तानबाने वही उघडली. आधीच्या सगळ्या मापांवर एक रेघ ओढली आणि खाली एकाहत्तर लिहिलं. दुपारी ही वही डॉक्टरांसमोर ठेवायची होती. मग बाजारात पुकारतो तसंच, पण अगदी हळू आवाजात, तो म्हणाला, "लाभ."

रुख्माबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मापाऱ्याची बायको होती ती; खरं माप आजपासून सुरू झालं, हे तिला कळलं आणि तिने पुन्हा आकडा विचारला नाही.

त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं, खाटेवर बसवलं आणि घागरीतून लोटा भरून आणला.

"घे," तो म्हणाला, "आता पे."