अर्ध्या वाटेवरची होडी

माझी आई मंजुळा हिनं खऱ्या समुद्राशी अबोला धरलाय. बाबा मासेमारीला गेले आणि परत आलेच नाहीत, तेव्हापासून. मुरबे गाव सोडून ती माझ्याकडे बोईसरला आली, ती किनाऱ्याकडे पाठ फिरवूनच.

म्हणून मी तिच्यासाठी संगणकात समुद्र बांधला. लोकांनीच रचलेलं एक जग आहे तिथं. कुणी बंगला बांधतं, कुणी बाग. वस्तू हलवायची तर त्या जगाच्या भाषेत हुकूम लिहावे लागतात. ती भाषा इतकी जुनी आणि संथ, की तिच्यापुढं गोगलगाय बरी. लाटा पेंगत यायच्या. क्षितिजावरून बाबांची निळी होडी निघायची आणि अर्ध्या वाटेवर रेंगाळायची. आई रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसायची. त्या मऊ उजेडात तिचा चेहरा असा निवांत व्हायचा की बघता बघता माझेही डोळे मिटायचे. ती उठायची तेव्हाही होडी पाण्यातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्षितिजापासून सुरुवात. मला मेलीला लाज वाटायची, एवढं साधं जमू नये!

यंदा त्या जगात नवी भाषा आली. जुनी बंद होणार होती. कारखान्यातून आल्यावर तहानभूक विसरून मी सगळे हुकूम नव्यानं लिहिले. नवी भाषा कसली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लाटा चमकत धावल्या. होडी सरसर आली आणि वाळूला लागली.

"बघ, आली की नाही?" मी फुशारकीनं म्हटलं.

आई पुढं झुकली. होडीत कुणीच नव्हतं. माणूस मी बनवलाच नव्हता. आत कोण आहे हे बघायची पाळीच कधी आली नव्हती.

"रिकामी हाय," आई म्हणाली.

मी घाईघाईनं कळफलक पुढं ओढला. "आई, मी बाबांना बसवते आत. हुबेहूब. टोपीसकट."

"नको गो दीपे. बाहुला नको." तिनं पडद्यावर होडीच्या टोकाला बोट लावलं आणि हळूच मागं सारल्यासारखं केलं. "हिला परत पाठव. येऊ दे सावकाश. मी हाय बसलेली."

नव्या भाषेत 'थांब' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. जुनीला तो कधी सांगावाच लागला नव्हता. मी रडत रडत तो लिहिला, एकेका लाटेमागं. पाणी पुन्हा पेंगू लागलं. होडी क्षितिजावरून निघाली आणि मध्येच रेंगाळली.

आईनं पाय पोटाशी घेतले, डोळे अर्धवट मिटले.

"आता तुजा बाबा वाटेत हाय," ती म्हणाली.