उजव्या बुटाची माती

"अरे थांब, तसाच खेचू नकोस!" मामा ओरडले आणि वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घेऊन लगबगीने आले.

दादाने बुटाच्या नाडीवरचा हात काढून घेतला आणि बाकावर बसल्या बसल्या पाय पुढे केला. मामांनी खाली बसून फरशीवर कागद पसरला, नाडी सैल केली आणि गरम पातेलं उतरवावं तसा दोन्ही हातांनी बूट उतरवून कागदावर ठेवला. मग दुसराही तसाच. तळाशी अडकलेलं गवतसुद्धा हललं नाही.

संघाचे कपडे, बूट आणि चेंडू सांभाळण्यात मामांची तीस वर्षं गेली होती. सामना संपला की अर्ध्या तासात सगळ्यांचे बूट धुऊन-पुसून रांगेत लावणारा हा माणूस. मातीचा एक कण त्यांना खपत नसे. अपवाद एकच. क्लबसाठी ज्या बुटांनी कुणाचा शंभरावा गोल झाला, ते बूट मामा धूत नसत. मातीसकट काचेच्या कपाटात ठेवत. मैदानाकडे जाणाऱ्या बोळात ते कपाट होतं आणि एवढ्या वर्षांत त्यात तीनच जोड जमले होते. नवा खेळाडू आला की मामा त्याला आधी त्या कपाटासमोर उभा करत आणि मग बुटाचं माप विचारत.

"आता सांग," मामा म्हणाले, "चेंडू कुठे लागला?"

"पायाला."

"ते मलाही कळतंय. डोक्याला लागला असता तर काय तुझं डोकं ठेवलं असतं कपाटात? कुठल्या पायाला? तो बूट पुढे ठेवायचा असतो."

"उजव्या."

"टोकाला की बाजूला?"

"बाजूला," दादा म्हणाला आणि मोजे काढायला वाकला. मोजे काढायला त्याला एरवी एवढा वेळ लागत नसे.

"बाहेर निरीक्षक बाई कागद घेऊन बसल्यात. चित्रणात बचावाची माणसं मधे येतायत म्हणे, नीट दिसत नाही. तू सांगशील ते लिहिणार. सही करून ये, तोवर मी किल्ली शोधतो. सोळा वर्षं झाली कपाट उघडून."

संघात सगळे त्याला दादा म्हणत, कारण पस्तिशीला पोचलेला तो एकटाच होता. सोळा वर्षं एकाच क्लबच्या पुढच्या फळीत खेळला आणि गेले चार महिने नव्याण्णववर अडकून बसला. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा कुणीतरी रेषेवरून बाहेर काढला, एकदा तर रिकाम्या जाळ्यासमोर गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. मुलीने कागद कापून मोठ्ठे शंभर करून ठेवले होते. दारामागे लटकून लटकून त्यातल्या एका शून्याचा रंग उडाला. आजचा सामना शेवटचा होता. डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल आणि क्लबने कराराबद्दल, दोघांनी एकाच आठवड्यात मान हलवली होती.

आणि आज पाचेक मिनिटं उरली असताना डाव्या बाजूने चेंडू आला. गुडघ्याच्या उंचीवरून, जोरात, पलीकडच्या खांबाकडे वळत. दादाने उजवा पाय लांबवला. गोलरक्षकाला वाटलं, हा आता दिशा बदलणार, म्हणून तो उलट बाजूला झुकला. चेंडू बुटापासून बोटभर अंतरावरून गेला आणि सरळ जाळ्यात. लागला असता तर कळलं असतं. सोळा वर्षं ज्याच्यावर घर चाललं, त्याचा स्पर्श ओळखू येत नाही, असं कसं होईल? पण हात वर गेला होता. लहानपणी पहिल्या प्रशिक्षकाने शिकवलं होतं, चेंडू आत गेला की आधी हात वर कर, विचार मागून कर. पुढच्या फळीतल्या माणसाचा हात काही त्याला विचारून वर जात नाही. कर्ण्यातून दादाचं नाव पुकारलं गेलं, लोक उभे राहिले, आणि मग तो हात खाली आणणं त्याला जमलं नाही. मोह कुणाला सुटलाय!

दार ढकलून डावरा आत आला. फोन कानाला होता.

"नाही गं, माझा नाही. दादांचा. मी नुसता पास दिला. बरं, ठेव आता."

डाव्या पायाने खेळतो म्हणून तो डावरा. याच मोसमात आला होता, एकूण एक सामना खेळला होता, घाम गाळण्यात कुणाला ऐकायचा नाही. पण त्याच्या नावावर अजून एकही गोल नव्हता. पोरं त्यावरून त्याची रोज टर उडवत आणि तोही हसून घेई.

"आई पण ना," तो म्हणाला, "टीव्हीवर तिला वाटलं गोल माझाच. म्हटलं, तुला तिथून काय कळतंय, दादांनी वळवला."

"तू बघितलास वळलेला?" दादाने विचारलं.

डावऱ्याने खुंटीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "वळलाच असणार. तुम्ही हात वर केलात की."

तो हसत होता, पण टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. "चार वेळा विचारलं तिने. चष्मा बदलायला झालाय तिचा."

दादाला त्याच्यासाठी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. तो उठला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे रे. तुझे पुढे पुष्कळ होतील."

मामांचा किल्ल्यांच्या जुडग्यातला हात थांबला. डावरा मान डोलावून आंघोळीकडे वळला. दादा मात्र तसाच उभा राहिला. हे वाक्य त्याचं नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी, पहिल्याच मोसमात, त्याने लांबून चेंडू मारला होता. जाळ्यासमोर तेव्हाचा कप्तान उभा होता. चेंडू आत गेला आणि कप्तानाचा हात वर. कप्तानाचा तो शंभरावा. नंतर याच खोलीत, याच बाकापाशी, कप्तानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि नेमके हेच शब्द बोलला होता. दादानेही अशीच मान डोलावली होती. त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही. मात्र पुढचे दोन महिने घरी फोन केला की सामन्याचा विषय निघायच्या आत तो काहीतरी कारण काढून फोन ठेवत असे.

कप्तानाने खेळणं सोडलं तरी दर मोसमाच्या सुरुवातीला त्याचा फोन यायचा. गुडघा कसा आहे विचारायचा, हवापाण्याचं बोलायचा, आणि शेवटी काहीतरी राहून गेल्यासारखा गप्प व्हायचा. दादा दोन क्षण वाट बघायचा आणि "बरं, ठेवतो" म्हणायचा.

दादा अनवाणीच बोळात आला. कपाटावरून पुढे गेला, थांबला नाही. निरीक्षक बाई टेबलाशी बसून रकाने भरत होत्या.

"या, या. अभिनंदन," बाई म्हणाल्या. "इथे सही."

"नाव बदलायचंय. त्या गोलाचं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

"मला लागला नाही. ज्याने मारला त्याचाच गोल."

"नक्की? अहो, बाहेर तुमच्यासाठी लोक थांबलेत."

"बोटभर राहिला."

 बाईंनी पट्टी ठेवून नावावर एक सरळ रेघ मारली. "झालेला गोल नको म्हणायला कुणी येत नाही हो," त्या पुटपुटल्या. "कारणाच्या रकान्यात काय लिहू तेही सुचत नाहीये."

दादाने सही केली.  परत येताना मात्र घरच्या दारामागचे ते कागदी शंभर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

खोलीत डावरा केस पुसत उभा होता.

"आईला फोन लाव," दादा त्याला म्हणाला. "सांग, चष्मा ठीक आहे तुझा."

डावरा त्याच्याकडे बघत राहिला. "पण दादा, तुमचे शंभर…"

"लाव म्हटलं ना. नेटवर्क बाहेर चांगलं येतं."

तो ओल्या केसांनीच बाहेर पळाला. मामा हातात किल्ली धरून कागदावरच्या बुटांपाशी उभे होते.

"धुवा," दादा म्हणाला.

मामांनी किल्ली खिशात टाकली. बूट उचलून ते मोरीकडे गेले, नळ सोडला, पण बूट पाण्याखाली धरेनात. पाठमोरेच म्हणाले, "तो तिसरा जोड आहे ना कपाटातला, कप्तानाचा. त्या दिवशी मी जाळ्याच्या मागेच उभा होतो. मला सगळं दिसलं होतं. बोललो नाही. तू म्हणत असशील तर आत्ता काढतो आणि तोही धुतो. तो गोल धरला तर तुझे…"

"नका धरू."

"का म्हणून?"

"राहू द्या. म्हातारा झालाय तो."

मामांनी मग उजवा बूट पाण्याखाली धरला. तांबडं पाणी मोरीत वाहू लागलं. दादाने फोन हातात घेतला. घरून सात वेळा वाजून गेला होता. त्याने आधी दुसरा नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बघितलं बरं मी टीव्हीवर!" कप्तानाचा आवाज थकलेला होता, पण त्यातला आनंद खरा होता. "शंभर! कुठे लागला रे?"

"नाही लागला, कप्तान. मी आत्ताच सांगून आलो त्यांना."

पलीकडे शांतता झाली. दरवर्षी व्हायची तशीच. मामांनी नळ बंद केला.

दादा पाय पोटाशी घेऊन बाकावर नीट बसला आणि या वेळी त्याने फोन ठेवला नाही.