सगुणाची झोप

सिस्टर म्हणजे काय अष्टभुजा देवी वाटते का यांना? बायकांच्या मनोरुग्ण वॉर्डात चाळीस पेशंट आणि दिवसपाळीला मी एकटी! शिवानी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, तिच्या जागी माणूस "येतंय, येतंय" असं मेट्रन गणपतीपासून सांगतायत. टिटवाळ्याहून ठाण्याला पोचेपर्यंतच माझा अर्धा जीव जातो, उरलेला अर्धा वॉर्डात.

अशात सगुणा होती म्हणून निभावलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली पेशंट. नवरा गेला तेव्हा हिची झोपच उडालेली, रात्र रात्र बंदरावर उभी राहून त्याला हाका मारायची. इथे औषधं लागू पडली आणि आता डोकं टेकलं की घोरते, असं रात्रपाळीच्या सिस्टर रोज सांगतात. सकाळी बायकांच्या वेण्या घालते, म्हाताऱ्या दगडाबाईला भरवते. ही दगडाबाई माझ्या अंगावर ताट फेकते, पण सगुणाच्या हातून गप जेवते. "अगं, युनिफॉर्म तुलाच घालायला पाहिजे," असं मी तिला चिडवायचे.

शुक्रवारी तिच्या लेकीची, प्राप्तीची हळद. मंगळवारी राउंडला विनीत डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, सगुणाची झोप कशी आहे? सोडूया ना?"

समोर सगुणा दगडाबाईला भात भरवत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून नीट नाही सर. रात्रीची जागी असते. आठवडाभर राहू दे."

सगुणाने ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचा घास कालवला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी मनाची समजूत घातली, हळदीच्या डीजेत हिला त्रासच व्हायचा, मी तिचं भलंच केलं. खोटं बोलणाऱ्याला कारणांना काय तोटा!

बुधवारी आले तर तिचे डोळे लालभडक. भरवताना दगडाबाईची वाटी सांडली.

"काय गं, काय झालं?"

"तुमी बोललाव ना, मी झोपत नाय. मना तर वाटायचा, झोपते. म्हणून रातभर जागी राहून बगितला, झोपते का नाय." ती ओशाळं हसली. "तुमचा खरा हाय, सिस्टर. नाय झोपत मी."

अरे देवा! स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेव, असं आम्हीच हिला रोज सांगायचो, आणि मी एका वाक्यात तो काढून घेतला. कशासाठी, तर मला दोन हात कमी पडतात म्हणून! मला माझीच किळस आली.

तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सर, मी खोटं बोलले. ती छान झोपत होती. मला मदतीला माणूस हवं होतं." सरांनी वॉर्डात येऊन तिला तपासलं आणि प्राप्तीला फोन करायला सांगितलं. आजच घरी जाऊ दे, म्हणाले.

मी सगुणाचे हात धरले. "तू झोपत होतीस गं. मी खोटं बोलले, माझ्या सोयीसाठी. तू बरी आहेस."

तिने हात सोडवून घेतले. "मंगलवारी पन तुमीच बोललाव ना?"



संध्याकाळी प्राप्ती आईसाठी हळदीची पिवळी साडी घेऊन आली. तिलाही मी सगळं सांगितलं, लपवलं नाही. "लाज नाही वाटली तुम्हाला?" ती म्हणाली. वाटतेय गं, जमीन पोटात घेईल तर बरं इतकी वाटतेय. पण ते तिला कुठल्या तोंडाने सांगू?

साडी नेसून सगुणा निघाली. दगडाबाई मागून हाका मारत होती, तिने वळून बघितलं नाही. दारापाशी मात्र थांबली.

"सिस्टर, घरी रातला मी झोपले का नाय, ता मना कसा कलेल?"

"आई, मी बघीन ना," प्राप्ती म्हणाली.

पण सगुणा माझ्याच तोंडाकडे बघत उभी होती.